इन द हीट ऑफ द नाइट

नॉर्मन ज्यूइसन दिग्दर्शित प्रसिद्ध अमेरिकन रहस्यपट (१९६७). जॉन बॉल यांच्या कादंबरीवर (१९६५) तो आधारलेला असून पटकथा स्टर्लिंग सिलिफंट यांची आहे. मिसिसिपी राज्यातील स्पार्टा या गावी एका उद्योगपतीचा खून होतो. रेल्वेस्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या व्हर्जिल टिब्ज या कृष्णवर्णीय प्रवाशाला केवळ वर्णावरून व खिशातील पैशांवरून पकडण्यात येते. तो फिलाडेल्फियाच्या पोलीस दलातील खूनतपासाचा तज्ञ निघतो.

टिब्जच्या काटेकोर पुरावाशोधनापुढे स्थानिक पोलिसांची घाई उघडी पडते. वर्णद्वेष हा येथे तपासातील दोष ठरतो आणि रहस्यकथेचा साचा आशयाला उपकारक होतो. मळेमालक एंडिकॉटच्या थपडेला टिब्ज तत्काळ थपडेनेच उत्तर देतो. हा प्रसंग विशेष गाजला. मात्र एंडिकॉटच दोषी असावा, या ग्रहापायी टिब्जही काही काळ चुकतो. त्यामुळे ही व्यक्तिरेखा निव्वळ आदर्श राहत नाही.

तथापि टिब्जला मिळणारा मान हा त्याच्या असामान्य कौशल्याचे मोल आहे. कापूस वेचणारे कृष्णवर्णीय मजूर धावत्या मोटारीतून ओझरते दिसतात. त्यांना संवाद नाहीत. मनःपरिवर्तनाची कथाही मुख्यतः गोऱ्या पोलीसप्रमुखाची, गिलेस्पीची आहे. चित्रपटाला पाच ऑस्कर पारितोषिके लाभली. त्यांपैकी अभिनयाचे गिलेस्पी साकारणाऱ्या रॉड स्टायगर यांना मिळाले. टिब्जच्या भूमिकेसाठी सिडनी पॉइटिए यांना नामांकनही मिळाले नाही. वर्णविषयक चित्रणातील महत्त्वाचा टप्पा म्हणून चित्रपटाचे मोल मोठे असले, तरी त्याची समता अपवादात्मक व्यक्तीपुरतीच राहते.