छळाच्या छायेतील ख्रिस्तपुराण

छळ आणि निष्ठा हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या लेखकांच्या नजरेसमोर बहुधा क्रूस, भाला आणि रक्त यांचीच चित्रे उभी राहतात. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर देह ठेवला. त्यांची गाथा आपण पुनःपुन्हा सांगतो, आणि ते उचितच आहे. परंतु ज्यांच्या वाट्याला रक्तसाक्षीचा मुकुट आला नाही, नुसते कठीण दिवस कंठणे आले, त्यांच्या निष्ठेचे साहित्य कोठे शोधावे? आमच्या मते ते फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त सापडते, आणि ग्रंथाच्या आशयापेक्षाही त्याच्या रूपात व त्याच्या पुढील प्रवासात ते अधिक आहे.

स्टीफन्स स्वतः छळाच्या प्रदेशातून आले होते. राणी एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे हा अपराध ठरत होता. थॉमस पाउंड या मित्रासह रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करावा असा त्यांचा बेत होता. पाउंड पकडला गेला आणि स्टीफन्स एकटेच गेले. मात्र मित्राला ते विसरले नाहीत. त्यांनी रोममध्ये खटपट केली आणि १५७८ साली पाउंडला तुरुंगात असतानाच संघात घेण्यात आले. त्या माणसाने आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत काढली. १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यास उतरलेला हा तरुण इंग्रज मायदेशी कधीच परतला नाही. एक मित्र कोठडीत आणि दुसरा साष्टीत! ख्रिस्तपुराणाची चर्चा भाषेच्या गौरवापाशी थांबते आणि ही पार्श्वभूमी दुर्लक्षित राहते, याचे आम्हांला नवल वाटते.

साष्टीत तरी त्यांना काय दिसले? २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार सहकारी मारले गेले. स्टीफन्स यांनी त्याच वर्षी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात हे वृत्त कळविले आहे. पण येथे समीक्षकाने प्रामाणिक राहिले पाहिजे. त्यापूर्वी साष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती, आणि त्यानंतर कुंकळ्ळीच्या प्रमुखांना आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. तेव्हा छळ म्हणजे केवळ आपण सोसलेले दुःख, असे मानून हा काळ वाचता येणार नाही. ज्या सत्तेच्या छत्राखाली स्टीफन्स वावरत होते, तीच शेजाऱ्याला छळीत होती. ख्रिस्तपुराणात या शेजाऱ्याच्या वेदनेला पुरेसा आवाज नाही, हे त्याचे उणेपण आम्ही झाकू इच्छीत नाही.

तरीही ग्रंथाच्या आरंभीच त्या वेदनेची एक फट उघडी राहिली आहे. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्री गुरूंना विनवितो, की जुनी पुराणे तुम्ही आम्हांस वर्ज्य केलीत. मग त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे? हा प्रश्न साधा नाही. ज्याचे गाणे काढून घेतले आहे, तो माणूस रिकाम्या तोंडाने निष्ठावंत राहू शकत नाही, हे त्यामागचे कटू सत्य आहे. गुरूंनी त्याला प्रश्नोत्तरीची वही दिली नाही. दहा हजारांहून अधिक ओव्या दिल्या. सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रभूच्या चरित्रापर्यंतची सारी कथा त्याच्या ओळखीच्या छंदात आली. ओवी ही ऐकून पाठ होते. तिला गाणारा कंठ आणि ऐकणारे चार जण पुरतात. धर्मगुरू दूर असोत, पोथी हरवो, ती घरात राहते. स्टीफन्स यांच्या कवित्वाबद्दल मतभेद होऊ शकतील. काही ठिकाणी निरूपण लांबते, हेही खरे. परंतु छंदाची निवड करताना त्यांनी दाखविलेली जाण निर्विवाद आहे.

त्या जाणिवेची कसोटी लवकरच लागली. १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापलेल्या या ग्रंथाच्या १६४९ व १६५४ अशा आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ मध्ये व्हाईसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज धरावी. म्हणजे स्वधर्मीय राजसत्तेनेच ख्रिस्ती माणसाच्या जिभेवर घाव घातला. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ राहिला तो हातांनी नकलून घेतलेल्या पोथ्यांत. गोव्यातून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती समाजाने त्या जपल्या. याच समाजाला १७८४ साली टिपू सुलतानाने कैद करून श्रीरंगपट्टणला नेले आणि १७९९ पर्यंत तो तेथे अडकून पडला. मागे त्याची चर्चेस मोडली गेली. इतके होऊनही १९०७ मध्ये जोसेफ सलढाणा यांना मंगळुरात हस्तलिखिते मिळाली आणि त्यांवरून त्यांनी ग्रंथ पुन्हा छापला. नकलणाऱ्यांची नावे कोणत्याही संतमालिकेत नाहीत. आम्ही त्यांना ख्रिस्तपुराणाचे सहलेखक मानतो.

पनवेलजवळच्या कोन येथे बसून हे लिहिताना आमच्याच रायगड जिल्ह्यातले कोर्लई आठवल्यावाचून राहत नाही. १७४० साली पोर्तुगिजांनी चौल सोडले. कोर्लईच्या मूठभर ख्रिस्ती कुटुंबांनी श्रद्धा तर राखलीच, शिवाय आपली पोर्तुगीजमिश्रित बोलीही राखली. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. तेथे कोणी महाकवी नव्हता. तोंडची प्रार्थना आणि घरातले बोलणे एवढेच भांडवल होते, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या पुरले.

आज ख्रिस्तपुराण दुर्मीळ नाही. शांताराम बंडेलू यांची १९५६ ची आणि कॅरिदाद द्रागो यांची १९९६ ची देवनागरी आवृत्ती आहे. फादर नेल्सन फाल्काव यांचे परिश्रमही आहेत. तक्रार आहे ती वाचनाच्या रीतीची. आपल्या सभासंमेलनांत मराठीच्या स्तुतीच्या त्याच त्या ओव्या उद्‌धृत होतात आणि पोथी मिटते. दुसऱ्या पुराणातील प्रभूच्या दुःखसहनाचे विस्तृत प्रकरण सहसा कोणी उघडीत नाही. नकलणाऱ्यांनी ओवी न्‌ ओवी उतरवून घेतली होती. उपवासकाळाच्या एखाद्या शुक्रवारी धर्मग्रामातील चारपाच कुटुंबांनी एकत्र बसून ते प्रकरण मोठ्याने, चालीवर म्हणून पाहावे. शब्द जुने आहेत, पहिल्या पन्नास ओव्या अडखळत जातील. त्यापुढे कान आपोआप सरावतो.