कलमाविना ‘कलम’

यंदा एका स्नेह्यांकडून फराळाचा डबा आला. झाकणावर चिठ्ठी : ‘घरची चकली, घरचीच माया.’ अक्षर तिरपे, मोकळे. वाटले, वहिनींनीच लिहिले. चष्मा लावून पाहतो तो दोन्ही ‘घ’ हुबेहूब सारखे, दोन्ही ‘र’ही तसेच! हाताला इतकी शिस्त कुठली? अक्षर संगणकाचे होते आणि त्याचे नाव ‘कलम’.

हा टंक इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली काढला. त्यातील देवनागरी लिपी रावळ यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. बारीक, मध्यम आणि ठळक अशा तीन रूपांत तो फुकट मिळतो. गुण आधी सांगतो. अक्षर तिरपे असूनही ओळ डळमळत नाही, आणि पडद्यावर जोडाक्षरेही सुखाने वाचता येतात.

नाव मात्र खटकते. कलम म्हणजे बोरू. त्याच्या तिरप्या छाटलेल्या टोकाने रेघ कुठे जाड, कुठे बारीक उमटते आणि देवनागरीचे वळण त्यातूनच घडले. या टंकाची रेघ बॉलपेनची, जवळजवळ एकाच जाडीची. शिवाय मराठी माणसाचा धावता हात बाळबोध नव्हताच, तो मोडीचा. योगायोग असा, की युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली तीही २०१४ सालीच. पण मोडी वाचणारे विरळ, म्हणून आपण धावत्या बाळबोधीवर भागवतो.

तरी दोष टंकाचा थोडा, वापरणाऱ्याचा अधिक. १९९४ साली व्हिन्सेंट कॉनरे यांनी ‘कॉमिक सान्स’ घडवला तो चित्रातला एक कुत्रा टाइम्स न्यू रोमनमध्ये बोलताना पाहून. कुत्र्याच्या तोंडी तो शोभलाच असता. पण ४ जुलै २०१२ रोजी सर्नमध्ये हिग्जसदृश नव्या कणाचा शोध जाहीर करताना फाबिओला जानोत्ती यांच्या पडद्यावर तेच अक्षर झळकले आणि लोक हसले. शोध मोठा होता. अक्षराला प्रसंग कळला नव्हता.

‘कलम’चेही तसेच. मुलांच्या गोष्टी, चित्रकथेतले संवाद, हळदीकुंकवाचे निमंत्रण, इथे तो जरूर वापरावा. औषधाच्या बाटलीवर, कराच्या नोटिशीवर, शोकपत्रावर नको. आणि जिथे ‘मी स्वतः लिहिले’ असा भास निर्माण करायचा असेल, तिथे तर मुळीच नको.

वहिनींना विचारले. त्या म्हणाल्या, “भावजी, माझं अक्षर गिचमिड. म्हणून मुलीनं संगणकावर काढून दिलं.”

“पुढल्या वर्षी गिचमिडच पाठवा,” मी म्हटले.

डबा उघडला. चकल्या खुसखुशीत होत्या; आणि वाचकहो, त्यांतल्या कोणत्याही दोन सारख्या नव्हत्या.