मार्ग, वेग आणि मात्रा : एका शोधनिबंधाचे परीक्षण

अँडरसन, क्लूएल, गार्गस, स्मिथ व राइट्झ यांनी १९८७ साली ‘टॉक्सिकॉलॉजी अँड अप्लाइड फार्माकॉलॉजी’ या नियतकालिकात मिथिलीन क्लोराइडविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा उल्लेख विषशास्त्राच्या अभ्यासक्रमात आजही आदराने होतो. हा आदर योग्यच आहे. तथापि निबंधाने काय सिद्ध केले आणि काय केवळ गृहीत धरले, यांतील भेद अनेकदा दृष्टिआड होतो. तो स्पष्ट करणे हा या परीक्षणाचा हेतू होय.

निबंधासमोरील प्रश्न असा होता. रंग खरवडून काढण्यासाठी व धातूंवरील वंगण धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या या विद्रावकाची वाफ हवेच्या दर दशलक्ष भागांत २,००० व ४,००० भाग या प्रमाणात हुंगविली असता उंदरांच्या यकृतात व फुप्फुसांत अर्बुदे वाढल्याचे अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने १९८६ साली नोंदविले. उलट, पिण्याच्या पाण्यातून दररोज वजनाच्या दर किलोग्रॅममागे २५० मिलिग्रॅमपर्यंत तोच पदार्थ देऊनही तितका स्पष्ट परिणाम आढळला नाही. पदार्थ एक, प्राणी एक, परंतु फळ भिन्न!

लेखकांचे उत्तर मार्मिक आहे. शरीरात या विद्रावकाचे चयापचय दोन वाटांनी होते. सायटोक्रोम पी-४५० ची वाट कमी मात्रेतही वेगाने चालते व तीतून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. परंतु तिची क्षमता लवकर संपते. ग्लुटाथायोन ट्रान्सफरेजची वाट मंद असली तरी सहजासहजी भरून जात नाही, आणि अर्बुदांचे मूळ लेखक तिच्यातच पाहतात. सहा तास दाट वाफेत ठेवलेल्या उंदरात पहिली वाट भरते व उरलेला विद्रावक दुसरीकडे वळतो. पाण्यातून थोडा थोडा येणारा विद्रावक मात्र आतड्यांतून प्रथम यकृतात जातो, तेथे त्याचा बराचसा भाग पहिल्याच वाटेने खर्ची पडतो आणि फुप्फुसांपर्यंत फारच थोडा पोहोचतो. म्हणजे ज्याला आपण मार्गाचा परिणाम म्हणतो, तो बव्हंशी वेगाचा व इंद्रियांच्या क्रमाचा परिणाम आहे. शरीरात शिरलेल्या मात्रेऐवजी इंद्रियात घडलेली मात्रा मोजावी, हा या निबंधाचा खरा धडा. त्याचे श्रेय निर्विवाद आहे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप मापाविषयी. दुसऱ्या वाटेच्या चयापचयाला कर्करोगाचे माप मानणे हे गृहीतक आहे. गणिती प्रतिमान ते वापरते, परंतु स्वबळावर सिद्ध करीत नाही. शिवाय निबंधातील मनुष्य हा सरासरी मनुष्य आहे. संबंधित एंझाइमाचे जनुकच नसलेली माणसे पुष्कळ आहेत, हे पुढे कळले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०११ च्या मूल्यमापनात हा जनुकीय भेद हिशेबात घेतला, तो याच उणिवेमुळे.

दुसरा आक्षेप पाण्याच्या प्रयोगाविषयी. त्यातील नर उंदरांच्या यकृतात दिसलेली अर्बुदांची वाढ मूळ अहवालकर्त्यांनी महत्त्वाची मानली नव्हती. २०११ च्या मूल्यमापनाने मात्र तोंडावाटे होणाऱ्या कर्करोगाच्या धोक्याचा हिशेब त्याच नोंदींवर उभारला. सबब दोन मार्गांतील विरोध निबंधात भासतो तितका निखळ नव्हता.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर असून तो निबंधापेक्षा त्याच्या वाचकांना अधिक लागू पडतो. हवेतील अल्प प्रमाणात मनुष्याच्या इंद्रियांतील मात्रा रूढ हिशेबापेक्षा १४० ते १७० पटींनी कमी भरते, हा निबंधाचा निष्कर्ष कर्करोगापुरता व त्या मापापुरताच खरा आहे. गुंगी आणणारा पदार्थ म्हणजे मूळ विद्रावकच. तेथे माप मेंदूतील विद्रावकाचे. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हरण करणारा कार्बन मोनॉक्साइड पहिल्या, म्हणजे कर्करोगाच्या हिशेबात निरुपद्रवी ठरलेल्या वाटेने येतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात न्हाणीघरातील टबांचा लेप काढणारे १३ कामगार या विद्रावकाने मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे. हवेपेक्षा सुमारे तिप्पट जड अशी ही वाफ टबात साचते आणि कामगार नेमका त्यातच वाकून काम करतो. श्वसनमार्गाने येणारा विद्रावक यकृताला वळसा घालून फुप्फुसांतून हृदयाकडे व तेथून तत्काळ मेंदूकडे जातो. येथे १४० पटींचा दिलासा कवडीमोल होय.

म्हणून अभ्यासकांनी हा निबंध अवश्य वाचावा, परंतु त्याचा आकडा न उचलता त्याची पद्धत उचलावी. कोणत्याही विद्रावकाविषयी ‘कोणत्या मार्गाने अधिक विषारी?’ असे विचारण्यापूर्वी ‘कोणत्या इंद्रियाला, कोणत्या वेगाने आणि कोणत्या अपायाच्या मापाने?’ असे विचारले पाहिजे. ही तीन पदे गाळून दिलेले उत्तर अंकांत मांडलेले असले तरी अपुरेच राहते.