अग्नी दिसला, राख दिसली नाही

वसईच्या खाडीकाठी, वरसाव्याच्या डोंगरउतारावर पायाखाली लागणारा काळा पाषाण एके काळी वाहता रस होता, हे आपण सर्वांनी शाळेत वाचलेले असते. मनाला मात्र ते पटलेले असतेच असे नाही. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनवर हा रस थरावर थर पसरला आणि पुढे याच डोंगरांत, दक्षिणेस कान्हेरीला, भिक्षूंनी ज्वालामुखीच्याच खडकात लेणी कोरली. पुस्तकाने जे पटत नाही ते चित्रपटाने पटवावे, या अपेक्षेने आम्ही वेर्नर हेर्झोग यांचा ‘इन्टू द इन्फर्नो’ (२०१६) हा अनुबोधपट सहकुटुंब पाहिला.

केंब्रिजचे ज्वालामुखीशास्त्रज्ञ क्लाइव्ह ओपेनहायमर यांच्यासह हेर्झोग वानुआतू, इंडोनेशिया, इथिओपिया, आइसलंड व उत्तर कोरिया येथे जातात. पर्वताच्या पोटातील अग्नी माणसाच्या श्रद्धेत, पुराणात, राज्यकारभारातही कसा शिरतो, हे त्यांनी मोठ्या मार्मिकपणे दाखविले आहे. त्याबद्दल त्यांचे अभिनंदन करण्यात आम्हांस मुळीच संकोच वाटत नाही.

परंतु सुमात्रातील टोबाची कथा येते तेथे आमचे समाधान होत नाही. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या त्या महास्फोटाने हवामान पालटून मनुष्यजात नष्टप्राय झाली, असे एक मत आहे. उलट, आंध्रातील ज्वालापुरम येथे टोबाच्या राखेच्या थराखाली आणि थरावरही सारख्याच धाटणीची दगडी हत्यारे सापडल्याचे संशोधकांनी २००७ साली मांडले. म्हणजे येथला माणूस बहुधा तगला! खरे नाट्य ज्वाळेत नसून या वादात आहे. पण ज्वाळा डोळे दिपविते, आणि करड्या राखेकडे कॅमेरा फारसा वळत नाही.

कोणी म्हणेल, चित्रपट म्हणजे काही प्रबंध नव्हे. त्याने कुतूहल जागविले की पुरे. आम्हांस हे मान्य नाही. मॉरिस व कात्या क्राफ्त हे फ्रेंच दांपत्य ३ जून १९९१ रोजी जपानात उन्झेन पर्वतावर मृत्यू पावले. त्यांनी टिपलेल्या दृश्यांतून सिद्ध केलेला एक साधा बोधपट त्याच सुमारास फिलिपिन्समध्ये पिनातुबोच्या परिसरातील अधिकाऱ्यांस व लोकांस दाखविला जात होता. तप्त राखेचा लोट गावाचे काय करतो, हे त्यात स्पष्ट दिसत होते. १५ जूनला पर्वत फुटला, तेव्हा हजारो माणसे आधीच दूर गेली होती. पुढे त्याच स्फोटाने जगाचे तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरविले. समजावून सांगणारे चित्र काय करू शकते, याला याहून मोठा दाखला कोणता?

पुणे जिल्ह्यात बोरी येथे कुकडीच्या काठी ज्वालामुखीची राख आहे, तिच्याजवळ अश्मयुगीन हत्यारे आहेत, आणि त्या राखेच्या वयाविषयी विद्वानांत दीर्घकाळ वाद झाला आहे. आमच्या घरातील मुलाने बोलपट संपताच विचारले, “आपल्याकडे ज्वालामुखी नाही का?” त्याला बोरीची राख आणि कान्हेरीचा खडक दाखविणारा, विद्वानांचे मतभेदही न लपविणारा मराठी अनुबोधपट आम्हांस हवा आहे. त्यात ज्वाळा एकही नसली तरी चालेल.