वायुबाधित सैनिक : कविता, चित्र आणि दफ्तर

पहिल्या महायुद्धातील विषारी वायूची जी प्रतिमा आज सुशिक्षित वाचकाच्या मनात आहे, ती मुख्यतः दोन कलाकृतींनी घडविलेली आहे. पहिली, विल्फ्रेड ओवेन यांची १९१७ च्या ऑक्टोबरमध्ये क्रेगलॉकहार्ट येथील युद्धरुग्णालयात लिहिलेली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२० मध्ये प्रसिद्ध झालेली 'डल्स एट डेकोरम एस्ट' ही कविता. दुसरी, जॉन सिंगर सार्जंट यांचे १९१९ मध्ये पूर्ण झालेले 'गॅस्ड' हे सुमारे वीस फूट लांबीचे तैलचित्र. या दोन्ही कृतींचे श्रेष्ठत्व वादातीत आहे. तथापि वायूविषयी त्यांनी जे इतक्या प्रभावीपणे दाखविले, त्याच्याच आड काय झाकले गेले, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

ओवेन यांच्या कवितेत वायुहल्ला ही काही क्षणांची घटना आहे. सैनिक घाईने मुखवटे चढवितात. एकाला ते साधत नाही. मुखवट्याच्या काचेतून दिसणाऱ्या हिरव्या प्रकाशात तो बुडणाऱ्या माणसासारखा तडफडतो. कवितेची सारी नैतिक ताकद या दृश्यात आणि होरेसच्या वचनावर केलेल्या अखेरच्या प्रहारात आहे. परंतु या रचनेत माणसांचे दोनच वर्ग उरतात : मुखवटा वेळेवर चढविलेला साक्षीदार आणि तो न चढविता आलेला मरणासन्न सोबती. मुखवटा चढविण्यास काही क्षण उशीर झाला, पण जो वाचला आणि पुढे तीस वर्षे खोकत जगला, अशा तिसऱ्या माणसाला कवितेत जागा नाही. हल्ल्यानंतरचा काळ कवितेत येतो तो स्वप्नाच्या रूपाने, आणि ते स्वप्नही पाहणाऱ्याचे आहे, बाधिताचे नव्हे.

हा तिसरा माणूसच वास्तवात बहुसंख्य होता. १२ जुलै १९१७ रोजी ईप्र येथे जर्मन सैन्याने प्रथम वापरलेला मस्टर्ड वायू हा खरे तर वायू नसून तेलकट द्रव आहे. स्पर्श होताच वेदना होत नाही. काही तासांनी डोळे सुजतात, कातडीवर फोड येतात, श्वासनलिका सोलवटते. बाधितांपैकी बहुतेक जण मरत नसत. मात्र हे रसायन पेशीतील डीएनएशी संयोग पावते आणि माणसात कर्करोग निर्माण करते, हे आज निर्विवाद सिद्ध आहे. म्हणजे या शस्त्राचा खरा कालावधी क्षणाचा नसून आयुष्याचा आहे.

सार्जंट यांनी नेमके मस्टर्ड वायूचेच बाधित पाहिले होते. ब्रिटिश सरकारच्या युद्धस्मारक समितीसाठी चित्र काढण्याकरिता ते १९१८ च्या उन्हाळ्यात आघाडीवर गेले आणि ऑगस्टमध्ये आरासजवळ त्यांना हे दृश्य दिसले. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले सैनिक एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून लाकडी फळ्यांवरून चालले आहेत. पायाशी जखमींचा खच आहे. दूर काही सैनिक फुटबॉल खेळत आहेत. या फुटबॉलवर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. येथे महत्त्वाची आहे ती डोळ्यांवरची पट्टी. पट्टी दिसते, म्हणून ती चित्रित होते. मस्टर्ड वायूने आलेले आंधळेपण बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत ओसरत असे. फुप्फुसाची हानी राहत असे, आणि ती कुंचल्याच्या आवाक्याबाहेरची होती.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९१९ मध्येच या चित्रावर आक्षेप घेतला होता. रांगेतील एक सैनिक लहानशी पायरी चढण्यासाठी पाय अवास्तव उंच उचलतो. हा अतिरेक त्यांना खटकला. हा आक्षेप मान्य करणे कठीण आहे. पुढे पायरी आहे असे त्या सैनिकाला सांगण्यात आले आहे. ती केवढी, हे त्याला दिसत नाही. स्वतःच्या शरीराविषयीचे ज्ञान दुसऱ्याच्या सांगण्यावर अवलंबून असणे, ही वायुबाधिताची स्थिती संपूर्ण चित्रात केवळ त्या उचललेल्या पायातच प्रकटली आहे.

हिंदी सैनिक या दोन्ही कृतींत नाहीत. २६ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे लाहोर डिव्हिजनने केलेला हल्ला क्लोरीनच्या लाटेने परतविला गेला; तेव्हा त्या सैनिकांजवळ मुखवटे नव्हते. त्या दिवशीच्या शौर्याबद्दल जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते स्वतःही वायूने बाधित झाले होते. फ्रान्समधून आणि इंग्लंडमधील रुग्णालयांतून हिंदी सैनिकांनी धाडलेली पत्रे लष्करी सेन्सॉर वाचत असे. निवडक उतारे इंग्रजीत अनुवादून अहवालात घातले जात. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये या उताऱ्यांचे संकलन प्रसिद्ध केले. अनेक सैनिक निरक्षर असल्याने पत्र दुसऱ्याच्या हातचे, आणि त्याचा अनुवाद तिसऱ्याचा. या सैनिकांची व्यथा आपल्यापर्यंत पोहोचते ती तिच्यावर पाळत ठेवणाऱ्याच्या भाषेतून. तिचे साहित्यिक मूल्यमापन करताना हे अंतर विसरता येत नाही.

त्यानंतरचा हिंदी सैनिक आढळतो तो केवळ दफ्तरात. १९३० च्या दशकापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत, दहा वर्षांहून अधिक काळ, ब्रिटनच्या पोर्टन डाऊन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रावळपिंडी येथे शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील या कागदांचे वृत्त २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. हिंदी कातडीला या वायूने गोऱ्या कातडीपेक्षा अधिक इजा होते काय, हा तेथील एक प्रश्न होता. येथे शत्रू नाही, रणांगण नाही, होरेसही नाही. ओवेन यांच्या कवितेतील उपरोध ज्या देशभक्तीच्या वचनावर उभा आहे, ते वचन या सैनिकांना कोणी ऐकविलेच नव्हते. त्यामुळे त्या कवितेच्या चौकटीत हा प्रसंग बसविण्याचा प्रयत्न अपुरा पडतो.

वायुबाधिताचा पुढचा झगडा पुराव्याचा असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांवर असेच प्रयोग केले आणि त्यांना गुप्ततेची शपथ घातली. कित्येकांनी ती आपल्या डॉक्टरांपाशीही मोडली नाही. व्हिएतनाममधील एजंट ऑरेंजबाबत १९९१ मध्ये आणि इराक-अफगाणिस्तानातील कचराखड्ड्यांच्या धुराबाबत २०२२ मध्ये अमेरिकन कायद्याने ठरावीक आजार सेवेमुळेच झाले असे गृहीत धरण्याची तरतूद केली. 'गृहीत धरणे' हा येथे औदार्याचा शब्द नसून, सिद्ध करण्याचे ओझे आजाऱ्याच्या खांद्यावरून उतरविणारा शब्द आहे.

ब्रिटनमध्ये हे ओझे फार हळू उतरले. ६ मे १९५३ रोजी पोर्टन डाऊन येथे रोनाल्ड मॅडिसन या वीस वर्षांच्या हवाई सैनिकाच्या हातावर सरीनचे थेंब टाकण्यात आले आणि तो मरण पावला. बंद दाराआड झालेल्या चौकशीने तो अपघात ठरविला. २००४ मध्ये दुसऱ्या चौकशीने तीच घटना बेकायदेशीर हत्या म्हणून वाचली. २००८ मध्ये संरक्षण खात्याने ३६० माजी सैनिकांना तीस लाख पौंड दिले, पण कायदेशीर जबाबदारी मान्य केली नाही. मॅडिसन यांना नाव होते, कुटुंब होते, दोनदा वाचली गेलेली चौकशी होती. रावळपिंडीच्या १९४२ च्या अहवालात आहेत ती भाजलेली कातडी, अर्ध्या विजारी आणि सुती सदरे.