दोर आणि धागा : राहाबची दोन वाचने

यहोशवाच्या ग्रंथातील दुसऱ्या अध्यायात एकाच खिडकीशी जोडलेल्या दोन वस्तू येतात. यरीहोच्या तटाला लागून घर असलेली राहाब ही वेश्या इस्राएली हेरांना दोराने खाली सोडते. आणि नगर पडेल तेव्हा तिचे घर वाचावे म्हणून हेर तिला खिडकीस किरमिजी धागा बांधावयास सांगतात. आद्य ख्रिस्ती भाष्यकारांनी धागा उचलला, रब्बींनी दोर. ही निवड मला योगायोगाची वाटत नाही.

पहिल्या शतकाच्या अखेरचे मानले जाणारे क्लेमेंटचे करिंथकरांस पत्र धाग्याच्या लाल रंगात प्रभूचे रक्त पाहते. तिसऱ्या शतकाच्या मध्यास ओरिजेन राहाबच्या घरालाच चर्च मानतो. त्याबाहेर तारण नाही. ‘वेश्या’ हा शब्द येथे टिकतो खरा, पण अन्य राष्ट्रांच्या पापी पूर्वायुष्याचे चिन्ह म्हणून. क्लेमेंट तिच्या ठायी श्रद्धेसोबत भविष्यवाणीही मानतो, हे नाकारता येत नाही. मात्र ही भविष्यवाणी धाग्याची आहे, आणि धागा ही हेरांची सूचना. राहाबचे भाषण तो उद्धृत करतो, त्यातून वर आकाशात व खाली पृथ्वीवर एकच देव असल्याची तिची कबुली मात्र गळते. मूळ संहितेत तिचे सर्वांत धीट वाक्य तेच आहे.

रब्बींनी राहाबला धुऊन काढले, असे सरसकट म्हटले जाते. अरामी तार्गुम तिला खाणावळवाली करते, योसेफसही तिच्या घराला पांथशाळा म्हणतो, हे खरे. पण बाबिलोनी तालमूदातील झेवाखीम या प्रबंधात (116ब) काहीच धुतलेले नाही. इस्राएल मिसरातून निघाले तेव्हा ती दहा वर्षांची होती, रानातील चाळीस वर्षे तिने हाच व्यवसाय केला, आणि पन्नाशीत धर्मांतर करताना दोर, खिडकी व जवस यांच्या पुण्याईने क्षमा मागितली. अकराव्या शतकातील राशी स्पष्ट करतो की तिची गिऱ्हाइके त्याच दोराने, त्याच खिडकीतून वर येत. म्हणजे येथे वस्तूचे रूपक होत नाही. तिला पूर्वेतिहास राहतो आणि तो राहाबच्याच तोंडून येतो. पश्चात्तापाला उपजीविकेची साधने पुरतात, हा विचार मला धाग्याच्या प्रतीकापेक्षा अधिक कठीण आणि अधिक मानवी वाटतो.

तथापि रब्बींना स्त्रीवादी ठरविण्याची घाई नको. नुसते राहाबचे नाव घेतल्याने पुरुष चळतो, असे मेगिल्ला (15अ) सांगते. हे बोलणे पुरुषांच्या अभ्यासगृहातलेच. शिवाय तिची थोरवी अखेर वंशातच मोजली जाते. तालमूद तिला यहोशवाची पत्नी व आठ संदेष्टे-याजकांची पूर्वजा करते, मत्तय बवाजाची आई. दोर काय, धागा काय, दोन्ही परंपरांना तिच्यासाठी नवरा शोधावा लागला. यहोशवाच्या सहाव्या अध्यायात (6:25) राहाब आपल्या बापाच्या कुटुंबासह इस्राएलात राहते. नवऱ्याचा तेथे उल्लेख नाही.