मध्यमच नाही, तर थाट कुठला? : एका म्हाताऱ्या विद्यार्थ्याने विषय कसा निवडला

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, की संगीतात एम. ए.ला प्रवेश घेतलाय, पहिल्याच महिन्यात प्रेझेंटेशनचा विषय द्यायचाय, काय निवडू? त्यांना तेव्हा मी दोन वाक्यांत वाटेला लावलं. घरी गेल्यावर वाटलं, हे काही खरं नाही. कारण त्याच प्रसंगातून मी स्वतः गेलो आहे, आणि तोही सत्तरी ओलांडल्यावर. म्हणून आजचं व्याख्यान त्यावरच. यात भातखंड्यांच्या थाटपद्धतीची थोडी चिकित्सा आहे, थोडी माझीही आहे.

पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. सौंदर्यशास्त्राच्या तासाला संगीतावर भरपूर बोललो. निवृत्तीनंतर गाणं शिकायला लागलो आणि काही वर्षांनी धीर करून एम. ए. संगीतच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. वर्गात आम्ही अकरा जण. बाकीचे दहा विशी-पंचविशीतले. ते मला ‘काका’ म्हणत. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या मला ‘सर’ म्हणत आणि मी त्यांना ‘मॅडम’. दोघांनाही पहिले काही दिवस जरा अवघडच गेलं.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी सांगितलं, प्रत्येकाने वीस मिनिटांचं प्रेझेंटेशन करायचं. विषय आपला आपण निवडायचा. अट एकच, जे म्हणाल ते गाऊन किंवा वाजवून दाखवायचं.

पुढच्या तासाला फळ्यावर विषयांची यादी लिहिली गेली. एका थोर गायकाचं जीवन व कार्य. आणखी एका थोर गायिकेचं योगदान. नाट्यसंगीताचा उगम आणि विकास. संगीत आणि मनःस्वास्थ्य. आणि सर्वांत खाली माझा : ‘रागसंगीत आणि काळाचे तत्त्वज्ञान’. मला वाटलं होतं, मॅडम खूश होतील. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, “सर, विषय छानच आहे. पण यात गाणार काय?”

मी गप्प. कारण खरं उत्तर असं होतं, की गायला लागू नये म्हणूनच मी तो विषय निवडला होता. माझा आवाज म्हातारा आहे, तार सप्तकात फाटतो. त्या पोरांसमोर गाण्याची मला भीती वाटत होती. काळ, अवकाश, अनुभूती या शब्दांच्या मागे मी लपलो होतो. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक लपायला बसला, की त्याला जागा पुष्कळ सापडतात!

आता जरा ती यादी पुन्हा बघू. या विषयांत वाईट काय आहे? माहिती मिळते, मेहनतही होते. पण एक गोष्ट त्यांत नाही. यांतला एकही विषय मांडताना मांडणारा चुकू शकत नाही. ‘अमुक पंडितांचं योगदान’ म्हटलं, की योगदान होतं हे आधीच ठरलेलं. मग उरतात तारखा, पुरस्कार आणि शिष्यांची नावं. आपल्याकडे शास्त्रचर्चेची रीत निराळी होती. आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्याइतकंच जोरकसपणे सांगायचं. मग त्याचं खंडन. आणि मग सिद्धान्त. माझी कसोटी तीच आहे. तुमच्या विषयाला पूर्वपक्ष आहे का? ‘नाही, मला हे पटत नाही’ असं म्हणणारा कुणी शहाणा माणूस कल्पता येतो का? येत नसेल, तर तुमच्याजवळ फक्त मथळा आहे. विषय अजून मिळायचाय. माझ्या ‘काळाच्या तत्त्वज्ञाना’लाही पूर्वपक्ष नव्हता. ते इतकं मोठं होतं की त्यात काहीही बसलं असतं.

मग माझा विषय मला मिळाला कसा? चुकीतून मिळाला. झालं असं, की आम्हाला त्या सत्रात देशकार होता. एका सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आधी मी कोपऱ्यात बसून, मोबाइलवर तानपुरा लावून देशकाराची आलापी करत होतो. वर्गातली एक मुलगी आली, दोन मिनिटं ऐकत उभी राहिली आणि संकोचत म्हणाली, “काका, रागावू नका, पण तुमचा भूप होतोय.”

मी म्हटलं, “अगं, स्वर तर तेच आहेत ना?”

ती म्हणाली, “हो, म्हणूनच होतोय.”

हे नीट बघा. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत स्वर पाचच : सा, रे, ग, प, ध. सगळे शुद्ध. मध्यम आणि निषाद दोघांतही वर्ज्य. पेटीवर वाजवलंत तर पट्ट्या त्याच. पण भूपाचा वादी गंधार, संवादी धैवत. देशकाराचा वादी धैवत, संवादी गंधार. भूपात आपण गंधारावर विसावतो, तिथून खाली षड्जाकडे बघतो. देशकारात वस्ती वरच्या अंगाला, धैवत आणि पंचमाच्या आसपास. रिषभावर रेंगाळायचं नाही, गंधारावर घर बांधायचं नाही. मी नेमका गंधारावर घर बांधून बसलो होतो.

त्या दिवशी घरी जाऊन पुस्तक उघडलं. शास्त्राच्या पेपरासाठी पाठ केलेलंच होतं : भूप, थाट कल्याण, रात्रीचा पहिला प्रहर. देशकार, थाट बिलावल, वेळ सकाळची. आणि इतकी वर्षं न्यायशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. कल्याण आणि बिलावल या दोन थाटांत फरक किती? एका स्वराचा. कल्याणात मध्यम तीव्र, बिलावलात शुद्ध. बाकी सहा स्वर तेच. आणि भूपात मध्यम नाही. देशकारातही नाही. म्हणजे ज्या एका स्वरावरून थाट ठरायचा, तोच स्वर दोन्ही रागांत नाही. मग हा कल्याणातला आणि तो बिलावलातला, हे ठरवलं कशावरून?

अजून पुढे जा. हेच पाच स्वर खमाज थाटातही बसतात, कारण तिथे कोमल आहे तो निषाद, आणि निषादही आपल्याकडे वर्ज्यच आहे. म्हणजे भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी तीन थाट या स्वरांना आपलं म्हणू शकतात. आणि हा निव्वळ तर्काचा खेळ नाही. कर्नाटक पद्धतीत याच पाच स्वरांचा राग आहे मोहनम्. तो तिथे हरिकांभोजी मेळातला मानतात, आणि हरिकांभोजीचे स्वर म्हणजे आपल्या खमाज थाटाचे स्वर. थोडक्यात, पाच स्वरांच्या एकाच संचाला कल्याण, बिलावल आणि खमाज अशी तीन कुळं मिळाली.

मी मॅडमकडे गेलो आणि म्हटलं, “विषय बदलतो. ‘मध्यमच नाही, तर थाट कुठला?’” त्या हसल्या. म्हणाल्या, “आता गावं लागेल, सर.”

आता भातखंड्यांचा पक्ष आधी मांडू, आणि तो मनापासून मांडू. विष्णु नारायण भातखंडे, जन्म 1860 सालचा, मुंबईच्या वाळकेश्वरचा. शिक्षण वकिलीचं. या माणसाने देशभर हिंडून कलावंत ऐकले, ग्रंथ धुंडाळले, बंदिशी जमवून स्वरलिपीत उतरवल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा ग्रंथ त्यांनी चार भागांत मराठीत लिहिला आणि तोही गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात. शिष्य विचारतोय, गुरू सांगतोय, शिष्य पुन्हा शंका काढतोय. 1916 साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ती त्यांच्याच पुढाकाराने. रागांच्या एवढ्या जंगलात वर्गात शिकवता येईल अशी वाट पाडायची होती, त्यासाठी त्यांनी दहा थाट घेतले. ही वाट नसती तर एम. ए. संगीत नावाचा वर्गच नसता, आणि मी कुठल्या बाकावर बसून त्यांच्याशी भांडलो असतो?

पण भांडण आहे. ते असं. भातखंडेपद्धतीत थाटाचे नियम स्पष्ट आहेत. थाटात सात स्वर हवेत, ते क्रमाने हवेत, थाटाला रंजकता लागत नाही. कारण थाट गायचा नसतो, त्यातून राग निपजतात. ठीक. म्हणजे थाटाला चलन नाही, वादी नाही, वेळ नाही. तो निव्वळ स्वरांचा साचा. आता भूप कल्याणात का, असं विचारलं तर जाणकार काय सांगतात? की भूपाचं चलन कल्याण अंगाचं आहे. शुद्ध कल्याण बघा, चढताना भूपासारखा, उतरताना यमनाच्या वळणाचा. भूप त्याचा सख्खा शेजारी. आणि देशकार? त्याची चाल बिलावल अंगाची, वेळही सकाळची. पटतं. गाऊन बघितलं तर अधिकच पटतं. पण मग राग थाटात घातला तो चलन बघून, आणि थाटाला तर चलन नसतं असं आपणच म्हटलं होतं!

न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. दोन भिंती एकमेकींना टेकून उभ्या. विद्यार्थ्याला सांगायचं, थाट कळला की राग कळेल. आणि थाट कसा कळायचा? तर राग आधी कळलेला असेल तर. ‘थाट’ हा एकच शब्द इथे दोन कामं करतोय. एका ठिकाणी त्याचा अर्थ स्वरांचा साचा, दुसऱ्या ठिकाणी रागांचं घराणं, गोतावळा. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत या दोन अर्थांची सरमिसळ आपण सगळे रोज करतो आणि आपल्याला गुण मिळतात.

यावर कुणी म्हणेल, एकदोन रागांनी काय बिघडतं? अपवाद कुठे नसतात? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. मारव्याकडे बघा. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचे स्वर सारखे : रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाही. तिघेही मारवा थाटातले. इथे थाट ठरवायला अडचण नाही, पण तिघांत वेगळं काय आहे हे थाट सांगत नाही. सोहनी वरच्या अंगात फिरते, पूरिया खालच्या सप्तकात रमतो, मारव्यात रिषभ आणि धैवत अंगावर येतात. हे सगळं कानाने आणि गळ्याने कळतं. म्हणजे भूप-देशकाराच्या बाबतीत थाट स्वरांवरून ठरत नाही, आणि मारवा-पूरियाच्या बाबतीत थाट ठरूनही राग हाती येत नाही. एका बाजूला अपुरं, दुसऱ्या बाजूला फार सैल. लक्षणात असा दोष निघाला तर तो अपवाद म्हणून सोडून देता येत नाही.

मग सिद्धान्त काय? थाट टाकून द्या, असं मी म्हणत नाही. ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक लागतोच. पण क्रमांक म्हणजे पुस्तकाचा अर्थ नव्हे. आणि माझं वाचन असं आहे, की भातखंड्यांना हे आतून माहीत होतं. त्यांच्या संस्कृत ग्रंथाचं नावच ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष गायलं जातं ते. जिथे साच्याकडे उत्तर नव्हतं, तिथे त्यांनी कानाचं ऐकलं आणि भूप योग्य शेजारात नेऊन ठेवला. चूक झाली ती नंतर, आमच्या वर्गांत. त्यांचा शोध आम्ही पाठांतर करून टाकला. ज्या ग्रंथात शिष्य पानोपानी शंका विचारतो, त्याच्या नावाने आम्ही शंका न विचारता गुण मिळवायला लागलो. शास्त्राचा पेपर एका खोलीत, गाणं दुसऱ्या खोलीत, आणि दोघांची बोलाचाल बंद.

प्रेझेंटेशनच्या दिवशी मी आधी चार मिनिटं भूप गायलो, मग चार मिनिटं देशकार. देशकारात एका जागी घसरलो, गंधारावर थांबलो. ती मुलगी पहिल्या बाकावर होती, तिची मान नकळत हलली. मी तिथेच थांबलो आणि वर्गाला विचारलं, आत्ता काय झालं? सात-आठ हात वर गेले. थाट बदलला, असं एकही जण म्हणाला नाही. कुणी म्हणालं, वजन खाली आलं. कुणी म्हणालं, सकाळची संध्याकाळ झाली. माझ्या वीस मिनिटांतली सगळ्यात चांगली दोन मिनिटं ती, आणि ती माझ्या चुकीने मिळाली. आवाजही फाटला, तेवढ्याने काही बिघडलं नाही.

तेव्हा मागच्या वेळच्या त्या श्रोत्याला आता नीट उत्तर देतो. पहिल्या महिन्यात मोठा विषय शोधू नका. रियाजात कुठे अडलात, गुरुजींनी कुठे हात वर करून थांबवलं, ते वहीत लिहा. पुस्तक त्या जागी काय सांगतं ते बघा. दोघांचं पटत नसेल, तर तिथे बसकण मारा. एक राग, फार तर दोन. एक प्रश्न. उलट बाजू इतकी नीट मांडा की ऐकणाऱ्याला वाटावं, हेच बरोबर. मग तुमचं म्हणणं सांगा आणि गाऊन दाखवा. आणि वर्गात कुणी म्हातारा विद्यार्थी मोठमोठे शब्द वापरत असेल, तर त्याला विचारा, “काका, यात गाणार काय?” त्याच्यावर उपकार होतील.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. भातखंड्यांच्या बाजूने कुणी बोलणार असेल, तर आधी त्यांना वेळ देऊ.